अनुजाचा हं

दीपक परबच्या कादंबऱ्यांवर चर्चासत्रं व्हायची तेव्हा कोणीतरी उठून त्याच्या वाक्यांबद्दल बोलायचंच. एक शब्दसुद्धा जास्तीचा नसतो, काय ती काटकसर, वगैरे. दीपक मान खाली घालून चहाच्या कपात बघत बसायचा आणि शेवटच्या रांगेत बसलेली त्याची बायको अनुजा ओढणीने तोंड पुसायची, कारण तिला हसू आवरत नसे. ती काटकसर कुठून येते हे त्या सभागृहात फक्त दोघांना ठाऊक असायचं.

ती यायची अनुजाच्या घशातून. लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. बाहेरची खोली, आत स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघरावर एक पोटमाळा, ज्यात माणूस उभा राहू शकत नाही. दीपक दिवसभर तिथे वाकून लिहायचा. संध्याकाळी अनुजा परळच्या लॅबमधून घरी यायची. रक्तलघवीचे नमुने घेऊन पावत्या फाडण्याचं तिचं काम. आल्यावर ती हातपाय धुऊन देवापाशी दिवा लावायची आणि भाजी निवडायला बसायची. मग दीपक शिडीवरून खाली यायचा, मोरीच्या भिंतीला पाठ लावून बसायचा आणि दिवसभराचं लिहिलेलं वाचून दाखवायचा. एक वाक्य वाचायचं, थांबायचं. अनुजाने ‘हं’ म्हटलं की पुढचं वाक्य. ‘हं’ आला नाही की पेन्सिलीने त्या वाक्यावर काट. का, कशासाठी, काही विचारायचं नाही. अनुजाला ते सांगताही आलं नसतं. एखादं वाक्य ऐकलं की तिचा हात शेंगेवर थांबायचा आणि घशातून काही निघायचं नाही, एवढंच.

हे वेड दीपकच्या आईचं. जाईबाई नवऱ्याची मिलमधली पाळी सुटायची वाट बघत पोराला गोष्टी सांगायची, आणि पोराने हुंकार भरला नाही की तिथल्या तिथे गोष्ट सोडून भात बघायला उठायची. राजपुत्र राक्षसाच्या मुठीत असला तरी तिला काही पडलेली नसे. ‘हं नाही तर गोष्ट नाही’ हा तिचा कायदा. दीपक मोठा झाला, शिकला, त्याच्या नावाला मान मिळाला, पण हा कायदा काही त्याच्या अंगातून गेला नाही. जाईबाई वारली त्याच वर्षी त्याचं लग्न झालं आणि हुंकाराचं काम आपसूक अनुजाकडे आलं.

अशा तीन कादंबऱ्या झाल्या. तिसरीच्या आधी तो आजार पहिल्यांदा आला.

लोक त्याला उदास स्वभाव म्हणायचे. लेखक म्हटल्यावर असणारच, असंही वर म्हणायचे, जणू ती मिशीसारखी काही शोभेची गोष्ट होती. अनुजाला त्या लोकांचा संताप यायचा. उदास माणूस रडतो, भांडतो, चार दिवस तोंड पाडून बसतो आणि पाचव्या दिवशी बोंबील आणतो. हा भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. जेवायला ऊठ म्हटलं की ‘उठतो’ म्हणायचा, आणि ताट झाकून ठेवावं लागायचं. एकदा त्याने तिला अगदी साध्या आवाजात सांगितलं होतं, “अनू, मी नसलो ना, तर तुझं बरंच सोपं होईल.” तो आवाज ती विसरली नाही. दुसऱ्याच दिवशी ती त्याला दंडाला धरून मानसोपचार करणाऱ्या डॉक्टर सुचित्रांकडे घेऊन गेली. गोळ्या सुरू झाल्या आणि काही महिन्यांनी माणूस हळूहळू परत आला. तिसरी कादंबरी त्यानंतरची.

आता चौथी चालू होती, आणि दीपकने गोळ्या बंद केल्या होत्या.

चोरून नाही. तिच्यासमोर त्याने पाकीट फळीवर ठेवलं आणि म्हणाला, “ह्या घेतल्या की शब्द दमट होतात गं. काडी ओढत राहायची, पेटत नाही. एवढं पुस्तक होऊ दे. मनमोहन संपला की दुसऱ्या दिवसापासून गोळ्या. आईशपथ.”

डॉक्टर सुचित्रांना तिने फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, “असं मधेच सोडायचं नाही. घेऊन या त्यांना.” तो गेला नाही. अनुजाने आदळआपट केली, दोन दिवस अबोला धरला, शेवटी गप्प बसली. आईशपथ त्याने आजवर मोडली नव्हती. पुस्तक लवकर होऊ दे, एवढंच ती दिव्यापुढे म्हणायची.

मनमोहन म्हणजे त्या कादंबरीतला माणूस. रे रोडला लाकडाच्या वखारीत कारकून. शहाणासुरता, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्याच्यावर कसलंही संकट कोसळत नाही. तो फक्त एकेक गोष्ट सोडत जातो. आधी पेपर बंद करतो, मग दाढी, मग मित्राकडचा पत्त्यांचा अड्डा. हातातलं घड्याळ काढून वखारीतल्या हमालाला देऊन टाकतो. आणि रोज संध्याकाळी घरी न जाता शिवडीच्या खाडीकडे चालत जातो, चिखलातले गुलाबी पक्षी बघत उभा राहतो, दर वेळी कालच्यापेक्षा थोडा पुढे.

दीपकने आजवर लिहिलेलं सगळं त्यापुढे फिकं होतं. अनुजाला ते कळत होतं. तिचे हं आपोआप निघत, कधीकधी वाक्य संपायच्या आत. आणि त्याच वेळी पुढचं वाक्य ऐकायची तिला भीती वाटायची.

कारण दीपकनेही दाढी करणं सोडलं होतं. पेपरवाल्याला त्याने परस्पर नको म्हणून सांगितलं होतं. आणि एका सकाळी ती लॅबला निघाली तर जिन्यात शेजारचा वैभव भेटला. हा चाळीच्या मंडळाचा सेक्रेटरी, सदा घाईत. त्याच्या मनगटावर तिने लग्नात दीपकला दिलेलं घड्याळ होतं.

“वहिनी, दीपकदाने दिलं काल,” तो खुशीत म्हणाला. “बोलला, मला काय करायचंय, तू वापर. ओरिजिनल आहे ना?”

“ओरिजिनल आहे,” अनुजा म्हणाली.

त्या दिवसापासून तिचा जीव टांगणीला लागला. मनमोहन जे करतो ते दीपक करतो, की दीपक करतो तेच मनमोहनला करायला लावतो, याचा तिला उलगडा होईना. लॅबमध्ये माणसं रांगेत उभी असायची आणि ही नमुन्याच्या बाटलीवर भलत्याचंच नाव चिकटवायची. जेवणाच्या सुट्टीत घरी फोन करायची. काहीतरी निमित्त काढायचं. गॅस बंद आहे का बघ, दूध वर ठेवलंस का, कुकरची शिट्टी कुठे ठेवलीस. त्याने फोन उचलेपर्यंत ती वाजणाऱ्या घंटा मोजायची. सुताराला बोलावून तिने मोरीच्या दाराची आतली कडी काढून घेतली, गंजली होती म्हणून. दीपकने ते बघितलं आणि शिडी चढून वर गेला. मुलगी अक्षदा पुण्याला शिकायला होती. तिचा फोन आला, बाबा कसे आहेत विचारलं, की अनुजा म्हणायची, “लिहितोय ना, मस्त.”

पुस्तक संपलं तर गोळ्या सुरू होणार होत्या. पण पुस्तक संपणार कसं? मनमोहन खाडीच्या दिशेने रोज थोडा पुढे सरकत होता, आणि तो एकदा पोचला की नुसता कागदावर पोचेल की दीपकला बरोबर घेऊन, हे अनुजाला कोण सांगणार? तिला पुस्तक पूर्ण व्हायलाही हवं होतं आणि व्हायलाही नको होतं. अशा पेचात सापडलेलं माणूस जे हाताला लागेल ते वापरतं. अनुजाच्या हाताला लागला तिचा हं.

एका संध्याकाळी दीपकने वाचलं, ‘मनमोहनने चपला काढून काठावर ठेवल्या आणि चिखल गार आहे का ते अंगठ्याने पाहिलं.’ आणि थांबला.

वाक्य अगदी बरोबर होतं. अनुजाच्या घशात हं आला होता. तिने तो गिळला आणि गवारीच्या शेंगा मोडत राहिली.

दीपकने क्षणभर वाट बघितली, मग पेन्सिलीने काट मारली. दुसऱ्या दिवशी त्याने तेच नव्याने लिहून आणलं. ते पहिल्याइतकं चांगलं नव्हतं, तरी चांगलं होतं. अनुजा गप्प. पुन्हा काट. मनमोहन काठावर गेला की हिचा हं गायब, आणि मागे फिरला, वखारीत गेला, भजी खाल्ली, की हं हजर. कधी ती मधेच विचारायची, “ह्याला बहीण नाही का कोणी?” मग दीपक दोन दिवस बहीण लिहायचा. ती बहीण कोणालाच नको होती, पण ती जिवंत होती आणि मनमोहनला घरी जेवायला बोलवायची, म्हणून अनुजाला प्रिय होती.

असे आठवड्यामागून आठवडे गेले. दीपक रोज लिहायचा, रोज खोडायचा, डोळे खोल गेले होते. आपण काय करतोय हे अनुजाला पक्कं ठाऊक होतं. आपल्या नवऱ्याचं सगळ्यात चांगलं लिखाण ती रोज थोडं थोडं मारत होती. मरू दे, ती स्वतःला म्हणायची. पुस्तकं काय, पुन्हा होतील.

बाहेरच्या खोलीत दीपकचे चुलते कुशाबा राहायचे. मिल बंद पडल्यापासून त्यांचा मुक्काम खिडकीजवळच्या खाटेवर. एक कान अधू, पण जीभ खणखणीत. चाळीत कुठलंही शुभकार्य असलं की देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायला कुशाबाच लागायचे. कोकणातून येताना माणसांनी जे काही बरोबर आणलं त्यातलं हे एक. एकाने देवाला सगळ्यांच्या वतीने मोठ्याने सांगायचं, आणि जमलेल्यांनी दर मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून रुकार द्यायचा.

एका रविवारी दीपक पोटमाळ्यावर असताना त्यांनी अनुजाला जवळ बोलावलं. “गो अनुजा, आमच्या झिलाक, दीपकाक काय झाला हा? अन्न गोड लागणा नाय तेका.”

अनुजाने आजवर कोणापुढे तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी तिचा बांध फुटला. गोळ्या, घड्याळ, खाडी, सगळं तिने सांगून टाकलं. शेवटी म्हणाली, “काका, तो मनमोहन एकदाचा गेला ना, की आपण सुटलो.”

कुशाबांनी शांतपणे मान डोलावली. “माका ठावक होता. रोज दिवेलागणीक हय तेचा नाव घेतत. दिवेलागणीक नाव घेतल्यार माणूस उंबऱ्यात येवन उभो रवता.”

“काका, पुस्तकातला आहे तो.”

“आसांदे पुस्तकातलो. बोलावल्यार येवचो नाय? नारळ ठेवया.”

दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर अनुजा हसली असती. पण तेव्हा तिला कोणाचाही आधार चालला असता. ती म्हणाली, “घरातच ठेवा हां काका. गुपचूप. त्याला कळायला नको.”

“घरात? नि व्हय कोण म्हणतला, तू एकटी? गाऱ्हाण्याक माणसां व्हयी. व्हय म्हणूक माणसां नसली तर देवान आयकूचा कोणाचा?”

“बरं, बघू,” अनुजा म्हणाली. वडीलधाऱ्या माणसाला नाही म्हणायचं नसलं की आपण ‘बघू’ म्हणतो, आणि वडीलधारी माणसं त्याचा अर्थ हो असाच घेतात, हे तिला माहीत नव्हतं असं नाही.

सव्वीस जानेवारीला चाळीची सत्यनारायणाची पूजा. खालच्या पटांगणात मांडव, पताका, दोन मोठे स्पीकर. अनुजाने दीपकला चार दिवस आधीपासून गळ घातली होती. नुसता प्रसादाला चल, दहा मिनिटं. तो आला. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला. कित्येक महिन्यांनी तो माणसांत उभा होता, आणि अनुजाला इतकं बरं वाटलं की तिने आपल्या हाताने त्याची कॉलर नीट केली.

पूजा झाली. वैभवने माईक कुशाबांच्या तोंडापुढे धरला. त्यांनी नारळ देवापुढे ठेवला, टोपी सारखी केली आणि डोळे मिटले.

“बा देवा सत्यनारायणा म्हाराजा! सालाबादप्रमाणे आज ही सगळी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत, तेंची सेवा गोड मानून घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळं पटांगण म्हणालं.

“कोणाची नोकरी, कोणाचा लगीन, कोणाचा दुखणा, जा काय आडला आसात ता मोकळा कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि आमच्या जाईबाईच्या झिलाच्या, दीपकाच्या पाठी जो कोण मनमोहन लागलो हा, तेका हयसून उठव, तेका तेच्या वाटेन लाव, परत ह्या उंबऱ्यात येव देव नको, आणि आमच्या झिलाक पयल्यासारखो हसतो-बोलतो कर रे म्हाराजा!”

स्पीकरमधून मनमोहनचं नाव पार नाक्यापर्यंत गेलं. अर्धी चाळ दीपककडे वळून बघत होती. पण तोंडं उघडली होती, लय बसली होती, आणि मागणं तर चांगलंच होतं.

“व्हय म्हाराजा!”

त्यात अनुजाचाही आवाज होता. तिने ठरवून म्हटलं नाही. पण खोटंही म्हटलं नाही. इतक्या दिवसांची सगळी भीती त्या दोन शब्दांतून बाहेर पडली, आणि ती दीपकच्या अगदी खांद्याशी उभी होती. त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

आणि तो हसला. खरोखरचा, मोठ्याने हसला. मग सगळेच हसले. वैभव त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “काय दीपकदा, कोण हा मनमोहन? सांग, पोरं पाठवतो.” कोणीतरी त्याच्या हातावर शिऱ्याचा मोठा गोळा ठेवला, तो त्याने पुरा खाल्ला. अनुजाने मनातल्या मनात त्या नारळाला हात जोडले. बघ, हसला. कुशाबाकाकांनी केलंच.

दुसऱ्या दिवशी दिवा लागला तसा दीपक कागद घेऊन खाली आला. नेहमीसारखा भिंतीला पाठ लावून बसला. त्याने एक वाक्य वाचलं. मनमोहन वखारीचं दार बंद करतो, एवढंच साधं वाक्य होतं.

“हं,” अनुजा म्हणाली.

दीपकने पुढचं वाचलं नाही. कागद मांडीवर ठेवला. मग त्याने विचारलं, “हा कुठला हं?”

“म्हणजे?”

“वाक्याला दिलास, की कालच्या नारळाला?”

अनुजाच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“रागावलो नाहीये गं,” तो म्हणाला. “खरंच नाही. चपलांचं वाक्य तू खोडायला लावलंस तेव्हाच मला शंका आली होती. म्हटलं, तिला दिसलं असेल काहीतरी, जे मला दिसत नाही. तुझ्यावर विश्वास ठेवून खोडलं सगळं. आता मला कळतच नाहीये, ह्यातलं कुठलं वाईट होतं म्हणून गेलं आणि कुठलं तू घाबरलीस म्हणून.”

“मी घाबरले होते रे,” अनुजा म्हणाली. “तू घड्याळ देऊन टाकलंस. मी काय करायचं होतं?”

“तेच,” दीपक म्हणाला. “तू दुसरं काय करणार?” त्याने कागद जुळवले, त्यांच्या कडा जमिनीवर आपटून सारख्या केल्या. “तो गेला अनू. सकाळपासून वर बसलो होतो. कोणी नाहीये तिथे.”

मग तो उठला, फळीवरचं पाकीट काढलं आणि पाण्याबरोबर एक गोळी घेतली. आईशपथ होती ना. मनमोहन संपला की दुसऱ्या दिवसापासून.

पुढच्या आठवड्यात तो आपण होऊन डॉक्टर सुचित्रांकडे गेला. अनुजा बाहेर बाकावर बसली होती. नंतर डॉक्टरांनी तिला आत बोलावलं तेव्हा तिने एका दमात सगळं सांगितलं, हं, चपला, नारळ, आणि विचारलं, “माझ्यामुळे झालं का हे?”

“आजार आहे हा,” डॉक्टर म्हणाल्या. “तुमच्या एका शब्दाने आला नाही, आणि एका शब्दाने जाणारही नाही. आज ते इथे चालत आलेत, हे लहान समजू नका. लिहिण्याची घाई करू नका.”

अनुजाने मान डोलावली. आजार तिच्या शब्दाने आला नाही, हे तिला पटलं नाही, पण तो इथे चालत आला, हे तिने घट्ट धरून ठेवलं.

दीपक सुधारला. चाळ तरी तसंच म्हणू लागली. दाढी करायचा, दूध आणायचा, कुशाबांची नखं कापून द्यायचा. वैभवने घड्याळ परत आणून दिलं तर ते त्याने हातात घातलं. अक्षदाशी फोनवर बोलायचा. प्रकाशकाचा फोन आला की सांगायचा, “नाही हो, सध्या काही नाही,” आणि ते इतक्या सरळपणे सांगायचा, की समोरच्याला पुढे काही विचारता येत नसे. पोटमाळ्यावर अनुजाने गहू भरलेले डबे चढवले. त्याने स्वतः शिडी धरली.

पण तिन्हीसांजेचं काय करायचं ते दोघांनाही कळेना. दिवा लागायचा, अनुजा भाजी घेऊन बसायची, दीपक सवयीने भिंतीला पाठ लावून बसायचा. हात रिकामे. तो काय विचार करतोय हे कळायला काही मार्ग नव्हता, आणि त्या शांततेत अनुजाची जुनी भीती पुन्हा उंबऱ्यात येऊन उभी राहायची. एके दिवशी तिला ते सोसवेना, म्हणून ती बोलू लागली. लॅबमध्ये एक म्हातारा अत्तराच्या बाटलीतून नमुना घेऊन आला आणि सगळी खोली गुलाबाच्या वासाने भरली, ते तिने सांगितलं.

“हं,” दीपक म्हणाला.

अनुजाने चमकून वर पाहिलं. त्याच्या ओठांवर बारीक हसू होतं. मग ती रोज सांगू लागली. लॅबमधलं संपलं की माहेरचं, माहेरचं संपलं की ऐकीव. तो दर वाक्याला हं म्हणायचा, आणि तो हं ऐकला की तिला कळायचं, आहे, इथेच आहे. दिवसभर त्या आवाजासाठी तिचा जीव खालीवर व्हायचा.

आणि मग पावसाळा संपता संपता एका संध्याकाळी, सांगण्यासारखं काहीच उरलं नाही तेव्हा, तिने मनमोहनला बोलावलं.

“मनमोहनने वखारीचं दार बंद केलं,” ती घाबरत घाबरत म्हणाली.

“हं.”

“किल्ली मालकाच्या टेबलावर ठेवली.”

“हं.”

तिला हुरूप आला. इतकी वर्षं ऐकून ऐकून त्याच्या वाक्याची चाल तिच्या कानात बसली होती. तिने मनमोहनला रे रोडच्या पुलावर आणला, तिथून शिवडीच्या रस्त्याला लावला, त्याच्या चपलांचा आवाज सांगितला. दीपक हं म्हणत होता. त्याचे डोळे मिटलेले होते. आणि अनुजाच्या मनात एक वेडी आशा उभी राहिली. तिला वाटलं, वाक्य चुकवून बघावं. चुकीच्या वाक्याला हा माणूस हं म्हणणार नाही. मरणाच्या दारातसुद्धा म्हणणार नाही. गप्प बसेल, कपाळाला आठी घालेल, म्हणेल, अनू, काहीतरी काय. म्हणजे मग कळेल, की तो लिहिणारा दीपक आहे अजून आत कुठेतरी.

तिने श्वास घेतला आणि आयुष्यात ऐकलेलं सगळ्यात रद्दी वाक्य जुळवलं.

“इतक्यात मनमोहनला लॉटरी लागली आणि तो विमानाने स्वित्झर्लंडला गेला, तिथे त्याच्या जीवनात सुखाची सोनेरी पहाट उगवली.”

ती थांबली. हातातली गवारीची शेंग अर्धवट मोडलेली होती. म्हणू नकोस, ती मनात म्हणाली. देवा, ह्या एका वेळी त्याला गप्प राहू दे. इतके महिने ज्या आवाजाच्या जोरावर तिने दिवस काढले होते, तो न येवो म्हणून ती आता देवाचा धावा करत होती.

“हं,” दीपक म्हणाला.

अगदी शांतपणे, आधीच्या ‘हं’सारखाच. त्याचे डोळे मिटलेलेच होते आणि चेहऱ्यावर कसलाही त्रास नव्हता.

अनुजाचे डोळे वाहू लागले. तिने आवाज होऊ दिला नाही. शेंग मोडली, शीर ओढून काढली, दुसरी घेतली. बाहेर कुशाबा खाटेवर कूस बदलत होते.

“मग?” दीपकने विचारलं. “पुढे काय झालं?”

अनुजाने मनगटाने नाक पुसलं. “मग तिथे त्याने एक बंगला घेतला,” ती म्हणाली.

“हं.”

“बंगल्याभोवती बाग केली.”

“हं,” दीपक म्हणाला.